जमिनीवरून उठताना

गोष्ट २०२१ सालच्या जुलै महिन्यातली. वसईचा पाऊस ज्यांना परिचित आहे त्यांच्यापुढे त्या रात्रीचे वर्णन करण्याचे कारण नाही. वीज गेलेली होती, वाडीतल्या केळी वाऱ्याने फाटत होत्या, आणि मागल्या पडवीत कौल सरकून पाणी ठिबकत असल्याचा आवाज येत होता. ठिबकणाऱ्या जागी एखादे पातेले ठेवावे म्हणून आमच्यातली एक रात्री अडीचच्या सुमारास उठली, ओल्या लादीवर तिचा पाय सरकला आणि ती खाली बसली. 'पडले' असे ती आजही म्हणत नाही. 'बसले' असेच म्हणते.

येथे थोडा खुलासा करावयास हवा. 'आम्ही' म्हणजे आम्ही दोघे नवराबायको. लिहिणारा हात एकाचा असला तरी दुसरीला वाचून दाखवल्यावाचून आणि तिने चार ओळी खोडल्यावाचून यातला एकही परिच्छेद पुढे सरकलेला नाही. तेव्हा येथे 'मी' लिहिणे खरेपणाचे होणार नाही. जेथे वेगळे सांगणे भागच पडेल तेथे 'तो' आणि 'ती' असे लिहू. त्या वेळी त्याचे वय अडुसष्ट, तिचे पासष्ट. मुलगा कॅनडात, मुलगी आखातात. आमच्या पंचक्रोशीत अशी घरे आता मोजण्यापलीकडे गेली आहेत. पुढे प्रशस्त ओटा, आत पाच खोल्या, आणि राहणारी माणसे दोन.

तर ती खाली बसली. तो कंदील घेऊन आला आणि तिच्या काखांत हात घालून तिला उचलू लागला. तिचे वजन अठ्ठावन्न किलो. ज्या माणसाने तरुणपणी केळीचे घड खांद्यावर घेऊन वाडीतून रस्त्यापर्यंत खेपा घातल्या, त्याला हे वजन तसूभरही वर उचलता येईना. दुसऱ्या खेपेस त्याचेच गुडघे वाकले आणि तोही तिच्याशेजारी ओल्या लादीवर आला. मग दोघांनाही उठता येईना. हातांनी रेटा द्यावा तर लादी निसरडी, धरायला जवळ काही नाही, आणि मांड्यांत तर जणू कापूस भरलेला. प्रथम आम्ही हसलो. चांगले पोटभर हसलो. हसू ओसरल्यावर मात्र बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

शेजाऱ्यांना हाक मारता आली असती. पावसात ती ऐकू गेली नसती असे आम्ही नंतर सर्वांना सांगितले. खरे म्हणजे आम्ही हाक मारलीच नाही. सरपटत जाऊन माजघरातला फोनही आणता आला असता. परंतु अशा अवस्थेत कुणी आपल्याला पाहावे, कुणा परक्याने काखेत हात घालून आपल्याला उचलावे, ही कल्पनाच सोसवेना. पहाटे साडेपाचला शेजारचा मुलगा फुलांच्या टोपल्या घेऊन गाडी पकडण्यास निघाला होता. पडवीत कंदील दिसला म्हणून तो डोकावला, आणि काही न विचारता त्याने आम्हांला एकेक करून उठवले. "काका, काकू, हाक का नाही मारली?" एवढेच तो म्हणाला. त्याच्या गाडीची वेळ टळली होती.

सकाळी इस्पितळात क्ष-किरण तपासणी झाली. हाड मोडलेले नव्हते. देवाची कृपा. तेथल्या डॉक्टरांनी कागदावर दोन गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "आता या वयात असे व्हायचेच. तीन आठवडे पूर्ण विश्रांती घ्या. जपून राहा." त्या गृहस्थांविषयी आमच्या मनात रोष नाही. वेदना होत असताना थोडी विश्रांती लागतेच. परंतु 'जपून राहा' हे शब्द आम्ही शिरोधार्य मानले, आणि तीन आठवड्यांचे सहा महिने झाले. पाणी भरायला माणूस ठेवला. बाजार घरपोच येऊ लागला. जमिनीवर बसणे बंद, पाटावर बसून भाजी चिरणे बंद, वाडीत जाणे बंद. आम्ही स्वतःला काचेच्या भांड्यांसारखे जपले आणि भांड्यांसारखेच जागच्या जागी राहिलो.

पुढे एक गोष्ट वाचनात आली तेव्हा अंगावर काटा आला. २००७ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला होता. काही धडधाकट वृद्ध स्त्रीपुरुषांना दहा दिवस केवळ बिछान्यावर पडून राहावयास सांगितले. आजार नाही, ताप नाही, खाणेपिणे व्यवस्थित. दहा दिवसांअखेर त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो मांसल भाग नाहीसा झाला होता. आम्ही तर सहा महिने जपून राहिलो होतो.

२०२२ सालचा राखेचा बुधवार २ मार्चला आला. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी आम्ही क्रुसाच्या वाटेच्या भक्तीसाठी चर्चमध्ये गेलो. ज्यांचे गुडघे अद्याप शाबूत आहेत त्यांनी या भक्तीकडे कधी या दृष्टीने पाहिले नसेल, परंतु चौदा स्थाने म्हणजे चौदा वेळा गुडघे टेकणे आणि चौदा वेळा उठणे. पूर्वी आम्ही ते मोजलेही नव्हते. त्या दिवशी तिसऱ्या स्थानाशी, जेथे प्रभू पहिल्यांदा पडतो तेथेच, आम्ही दोघेही अडलो. तिने पुढच्या बाकाला धरून स्वतःला वर ओढले. तो गुडघ्यांवरच राहिला आणि फार भक्तिभावाने राहिल्यासारखे दाखवू लागला. उरलेली अकरा स्थाने आम्ही बाकावर बसून केली. वृद्धांनी बसून प्रार्थना करण्यात कमीपणा मुळीच नाही, चर्चलाही तसे वाटत नाही. आम्हांला वाईट वाटले ते दुसऱ्या कारणाने. आदल्या वर्षी आम्ही उठत होतो. एका वर्षात हे कोठे गेले?

याचे उत्तर आमच्या भाचीने दिले. ती फिजिओथेरपी शिकलेली आहे. ईस्टरच्या सुटीत ती घरी आली तेव्हा ही हकिकत आम्ही विनोदाने सांगितली. ती हसली नाही. तिने जेवणाच्या टेबलाजवळची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "मामा, हाताची घडी छातीवर घाला आणि पाच वेळा उठून बसा. हात लावायचा नाही." ती घड्याळ पाहत होती. त्याला एकोणीस सेकंद लागले. मामीला एकवीस. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या निकषाप्रमाणे बारा किंवा त्याहून अधिक सेकंद लागले तर पायांची कार्यक्षमता उणी समजावी. मग तिने शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आमच्या पोटऱ्या मोजल्या. पुरुषाची पोटरी चौतीस सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची तेहेतिसाच्या आत असेल तर पुढील तपासणी करावी असा संकेत आहे. त्याची बत्तीस भरली. "अगं, पण आमची वजने तर तेवढीच आहेत," असे तिची मामी म्हणाली. भाची म्हणाली, "मामी, वजन तेच आहे, पण आतला ऐवज बदललाय. मांस गेलं आणि त्याच्या जागी चरबी आली. काटा दोन्ही सारखंच दाखवतो."

तेव्हा आम्हांला कळले की या स्थितीला नाव आहे. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने ते सुचवले, सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. मांसाचे दारिद्र्य. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील चौदाव्या ओवीत शब्दाने जो देह धारण केला, तेथे मूळ ग्रीकमध्ये हाच 'सार्क्स' आहे. हे आम्ही कोठे तरी वाचून ठेवले होते. आपल्या पोटरीच्या संदर्भात ते कधी आठवेल असे वाटले नव्हते.

तिशीनंतर दर दहा वर्षांमागे स्नायूंचा सुमारे तीन ते आठ टक्के भाग कमी होत जातो आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे सामान्यतः मानले जाते. बळ तर त्याहूनही वेगाने ओसरते. त्यातही आधी झिजतात ते झटपट आकुंचन पावणारे तंतू. ठेच लागल्यावर दुसरा पाय चटकन पुढे टाकून तोल सावरण्याचे काम त्यांचे. माणूस बाजारापर्यंत चालत जाऊ शकतो आणि तरीही उंबऱ्याला अडखळून पडतो, त्याचे एक कारण हे. आम्ही रोज संध्याकाळी फेरफटका मारत होतो आणि त्यावर फार विसंबून होतो. चालणे हृदयाला उत्तम, परंतु मांडीला जमिनीवरून उठण्याचे बळ चालण्याने येत नाही. त्यासाठी तिला ओझे द्यावे लागते आणि ते हळूहळू वाढवावे लागते.

"या वयात ओझे?" असे आम्ही विचारले. वाचकहो, तुमच्याही मनात हेच आले असेल. भाचीने मग आम्हांला बॉस्टनची कथा सांगितली. तेथल्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी दहा वृद्धांना व्यायामासाठी निवडले. वये शहाऐंशी ते शहाण्णव, सरासरी नव्वद. काहीजण काठीवाचून चालत नव्हते. त्यांना फुलाची पाकळी उचलायला दिली नाही. ज्याला जास्तीत जास्त जेवढे वजन एकदा उचलता येईल त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचे वजन पायांनी उचलायला लावले, आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. ज्या नऊजणांनी ते पुरे केले त्यांचे पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, मांडीचा स्नायू नऊ टक्क्यांनी भरला, आणि दोघांनी काठी टाकली. हा वृत्तान्त १९९० साली प्रसिद्ध झाला. आमच्या पिढीचे आईवडील तेव्हा हयात होते आणि आम्ही त्यांना 'आता बसून राहा' असे मोठ्या मायेने सांगत होतो.

त्या कथेचा शेवट मात्र पुष्कळजण सांगत नाहीत. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच त्या वृद्धांचे मिळवलेले बळ पुन्हा ओसरू लागले. सुमारे एकतृतीयांश गेले. हे धन पेटीत ठेवता येत नाही.

प्रारंभ खुर्चीपासून झाला. खुर्चीवरून उठणे आणि बसणे, दहा वेळा. बसताना धपकन बसायचे नाही, चार अंक मोजत उतरायचे. उतरताना स्नायूला जे सावरून धरावे लागते त्यातच निम्मा व्यायाम असतो. भिंतीला हात टेकून जोर, कारण जमिनीवरचे जोर तेव्हा स्वप्नातही शक्य नव्हते. पायरीवर टाचा उचलणे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विसावा, कारण स्नायू भरतो तो विसाव्यात. पहिल्या तीन आठवड्यांत बरीच प्रगती झाली, तेव्हा आमच्या पोटऱ्या वाढल्या असतील म्हणून आम्ही टेप काढली. पोटरी तसूभर वाढली नव्हती. भाचीने दूरध्वनीवर समजावले की आरंभीचे बळ स्नायूचे नसते, मज्जातंतूंचे असते. निजलेल्या तंतूंना जागे करण्याचे विसरलेले काम मेंदू पुन्हा शिकतो. मांस मागाहून येते. पुढे तिने भाताने भरलेली कापडी पिशवी छातीशी धरून उठण्यास सांगितले. प्रथम दोन किलो, मग तीन, मग पाच.

हे वाढत्या ओझ्याचे शास्त्र काही फार जुने नाही. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेले तरुण सैनिक अमेरिकेच्या लष्करी इस्पितळांत महिनोन्महिने पडून असत. दुखऱ्या सांध्यावर भार देणे धोक्याचे मानले जाई. थॉमस डिलॉर्म नावाच्या तरुण लष्करी डॉक्टराने त्यांच्या पायांत लोखंडी बूट चढवले आणि त्यांवर दिवसेंदिवस वजने वाढवत नेली. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या तालमीत वस्तादांनी पोरांना शिकवलेल्या बैठका आणि त्यांच्या हातात दिलेले मुद्गल यांत हेच तत्त्व होते, फक्त तालमीचा दरवाजा पंचविशीनंतर आपोआप बंद होई आणि स्त्रियांसाठी तो कधी उघडलाच नाही.

आमच्यासाठी तो उघडला बाजारात, एका दुकानाच्या माडीवर. २०२३ च्या जानेवारीत पिशवीचे ओझे पुरेसे होईना, तेव्हा भाचीने आम्हांला तेथल्या जिममध्ये नेले. आत मोठमोठ्याने गाणी वाजत होती आणि भिंतीभर आरसे होते. सत्तरीच्या माणसाला चोहोबाजूंनी स्वतःस पाहण्याची सवय नसते. पंजाबी ड्रेसखाली बूट घातलेली आमच्यातली ती पहिले दोन दिवस दाराकडे पाठ करूनच उभी राहिली, न जाणो परिचयाचे कोणी जिन्याने वर यायचे! शिकवणारा मुलगा पंचविशीचा. "अंकल, श्वास रोखू नका. उचलताना सोडा, उतरवताना घ्या," हे त्याने आम्हांला इतक्या वेळा सांगितले की आता पाण्याची बादली उचलतानाही ते कानांत वाजते. ते योग्यच आहे, कारण श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब एकाएकी चढतो. आम्हां दोघांनाही रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांना विचारल्यावाचून आम्ही त्या माडीवर पाऊल ठेवले नव्हते, आणि कोणी ठेवू नये. हर्निया, हृदयविकार, डोळ्यांची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत तर मुळीच नाही.

गावात अर्थातच बोलले गेले. मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका स्नेह्याने विचारले, "काय, आता शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरणार का?" एका बाईंनी तिला बाजूला घेऊन, "मुलांना काय वाटेल?" असे काळजीने विचारले. मुलांना काहीच वाटले नाही. कॅनडातल्या मुलाने बूट पाठवले. जास्त विचार करावयास लावला तो एका वयस्कर शेतकऱ्याच्या प्रश्नाने. तो म्हणाला, "आपल्या आयांनी विहिरीचं पाणी ओढलं, डोक्यावर टोपल्या वाहिल्या, त्या कुठं गेल्या होत्या पैसे देऊन वजनं उचलायला?"

खरे आहे. आमच्या आज्या पहाटे कळशांवर कळशा ओढीत. रहाटाच्या काळात बैल थकला की माणसे हात लावीत. फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आमच्या बायका पहाटेच्या गाडीने दादरला गेल्या आणि दुपारी परतून पुन्हा वाडीत वाकल्या. त्यांना जमिनीवरून कसे उठावे हे कोणी शिकवले नाही, कारण त्या दिवसातून पन्नास वेळा उठत होत्या. परंतु त्या काळाचे गोडवे गाण्यास आमची जीभ वळत नाही. त्याची आजी साठीतच काटकोनात वाकली होती. तिची आई गुडघे धरून जिना चढे आणि प्रत्येक पायरीवर एका संताचे नाव घेई. ते ओझे गरजेचे होते, माणसाच्या सोयीचे नव्हते. ते एकाच अंगावर पडे, आजारपणात कमी होत नसे आणि विसाव्याचा दिवस मागत नसे. व्यायामातले ओझे आपण ठरवतो आणि दुखले की खाली ठेवतो. आज्यांना ही मुभा असती तर त्यांनीही आनंदाने पैसे दिले असते, असे आम्ही त्या शेतकऱ्याला म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "माझ्या आयनं नसते दिले."

आहाराविषयी थोडक्यात. जिममध्ये मोठमोठे डबे विकत मिळतात आणि ते घेतल्यावाचून मांस येत नाही अशी तेथल्या मुलांची श्रद्धा आहे. फियाटारोनबाईंनीच १९९४ साली शंभर दुर्बल वृद्धांवर दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. सरासरी वय सत्त्याऐंशी. काहींना व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. व्यायाम केलेल्यांचे बळ दहा आठवड्यांत दुपटीहून वाढले. नुसते पेय प्यायलेल्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणून आम्ही डबा घेतला नाही. मात्र वय वाढले की शरीर प्रथिने पूर्वीसारखी कामी लावत नाही, म्हणून ती कमी नव्हे तर अधिक लागतात. निरोगी वृद्धांनी वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम घ्यावीत असे अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही हिशेब केला तेव्हा कळले की वर्षानुवर्षे रात्री आम्ही पेज आणि लोणच्यावर भागवत होतो, 'म्हाताऱ्या माणसांना हलके बरे' म्हणून. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर डाळीत जेमतेम तेवढेच, मासळीच्या मोठ्या तुकड्यात वीसच्या आसपास. आता न्याहारीला दोघांना दोन-दोन अंडी आणि रात्रीही डाळ किंवा मासळी असते. उपवासकाळात शुक्रवारी मांस वर्ज्य असते, पण मासळी कोठे वर्ज्य आहे?

२०२३ च्या सप्टेंबरात त्याच्या खांद्याने दगा दिला. खरे म्हणजे दगा त्यानेच खांद्याला दिला. शेजारी एक वीस वर्षांचा मुलगा डोक्यावर वजन उचलत होता, आणि कोणी सांगितले नसताना आमच्यातल्या त्याने तेवढेच उचलून पाहिले. दोन महिने शर्टाची बाही चढवताना तिची मदत घ्यावी लागली. तिने एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच अधिक लागले. तो हात अजूनही कानापर्यंत सरळ जात नाही. पुरुषांच्या बाबतीत या व्यायामातला मोठा धोका आपला अहंकार, असे आमच्यातल्या एकीचे मत येथे नोंदवणे भाग आहे. तिने स्वतः घाई केली नाही. दर पंधरवड्याला एक किलो, कधी अर्धा. २०२४ च्या उन्हाळ्यात तिने तीस किलोचा दांडा जमिनीवरून उचलला. त्याच आठवड्यात वाण्याचा पोऱ्या दारात तांदळाची पंचवीस किलोंची गोणी टाकून गेला, ती तिने गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, छातीशी घेऊन आत नेली. तो अंगणात उभा राहून पाहत होता.

त्याचे उद्दिष्ट ठरलेले होते. अठ्ठावन्न किलो. ते तो कोणास सांगत नसे, पण त्या रात्रीपासून ते मनात होते. त्याचा दांडा पंचेचाळीसपर्यंत पोचला तेव्हा त्याने भाचीला विचारले, "अजून तेरा किलोंना किती महिने?" तिने कशाचे तेरा किलो म्हणून विचारले. सांगितल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मामा, पडलेल्या माणसाला कधी उचलायचं नसतं हो. तिचं हाड मोडलेलं असेल तर अजून मोडेल, आणि तुमची पाठ जाईल ती वेगळीच. तिला उठायला शिकवा. तुम्ही फक्त खुर्ची आणा."

आम्ही दोन वर्षे उचलण्याचे बळ मिळवत होतो आणि उचलायचेच नव्हते! त्या दिवशी माजघरात सतरंजी पसरून आम्ही पडण्याची तालीम केली. प्रथम निश्चल पडून राहायचे आणि कोठे मार लागला आहे का याचा अंदाज घ्यायचा. तीव्र कळ असेल, पाय हलत नसेल, तर हलायचे नाही, हाक मारायची. आम्हांला या हाकेचीच तालीम अधिक करावी लागली. पहिल्या खेपेस तोंडातून आवाज फुटेना. काही दुखत नसेल तर कुशीवर वळायचे, कोपरावर यायचे, मग हात आणि गुडघे टेकून रांगत खुर्चीपर्यंत जायचे. दोन्ही तळवे खुर्चीच्या बैठकीवर. बळकट पाय पुढे घेऊन त्याचे पाऊल जमिनीवर रोवायचे, मग हातांनी व पायाने एकदम रेटा देऊन वर यायचे आणि वळून बसायचे. बसल्यावर लगेच उभे राहायचे नाही. दोन वर्षांपूर्वी हे सारे माहीत असते तरी उपयोग झाला नसता, कारण तो शेवटचा रेटा देण्यास मांडीत काही नव्हते. आता होते. रोज एकदा, आळीपाळीने, आम्ही पडतो आणि उठतो. आमची नात सुटीत आली तेव्हा तिला हा खेळ फार आवडला.

आळीतल्या एका वृद्ध बाईंचे खुब्याचे हाड मोडले आणि त्या चार महिन्यांत गेल्या, त्यांच्या दफनाहून परतताना ती म्हणाली की हे आपण त्यांना दाखवायला हवे होते. मग तिने स्वतःहून शेजारच्या चौघींना मंगळवारी दुपारी बोलावले. त्यांतल्या एकीचे वय एकोणऐंशी. त्या म्हणाल्या, मी वीस वर्षांत जमिनीवर बसलेली नाही. त्या अजूनही सतरंजीवर उतरत नाहीत, खुर्चीवरून दहा वेळा उठून बसतात आणि चहा घेऊन जातात. आम्ही आग्रह करीत नाही.

२०२५ च्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची चौदाही स्थाने तिने गुडघ्यांवर केली. त्याने बारा केली. बाराव्यानंतर डाव्या गुडघ्यात कळ आली, म्हणून तो बाकावर बसला, आणि या खेपेस काही दाखवण्याच्या भानगडीत पडला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, तो वाडीत पडला. पाटाच्या कडेला शेवाळे धरले होते. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. त्याने हाक मारली, पहिल्याच हाकेला मारली, आणि ती तिला ऐकू गेली. ती धावली नाही. जेवणाच्या टेबलाजवळची ती लाकडी खुर्ची उचलून वाडीत आली, चिखलात चारही पाय नीट रोवून त्याच्या डोक्याशी ठेवली, आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कुठं लागलंय का?"

"नाही."

"मग उठा."

तो कुशीवर वळला, रांगला, खुर्ची धरली आणि उठला. बसल्यावर तिने त्याला पाच मिनिटे तेथेच बसवून ठेवले. शेजारचा मुलगा कुंपणाजवळून जात होता. त्याने विचारले, "काका, पावसात वाडीत खुर्ची टाकून काय बसलात?" आम्ही काही बोललो नाही. खुर्चीचे पाय चिखलात चांगले वितभर रुतले होते. ते उपटून काढून, खुर्ची बावखलावर नेऊन धुवावी लागली. ती धूत होती, तो पाणी घालत होता.